क्रूझच्या जाहिरातीत व्हिसाचा तपशीलही हवा

महोदय,

भूमध्य समुद्रातील पहिल्यावहिल्या क्रूझची तयारी करताना आम्ही औषधे, गरम कपडे, अगदी मेतकुटाची पुडीसुद्धा आठवणीने घेतली होती. परंतु ग्रीसमधील पिरेयसहून निघालेले जहाज तुर्कस्तानातील कुशादासीला थांबून पुन्हा ग्रीसला येते, तेव्हा शेंगेन क्षेत्रात (एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, ज्यात तुर्कस्तान नाही) दुसऱ्यांदा प्रवेश होतो आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा अपुरा पडतो, हे पर्यटन कंपनीने सांगितलेच नाही. सुदैवाने अर्ज भरताना शेजाऱ्यांच्या ते लक्षात आले. पत्रकांत ‘रोम’ म्हणून छापले जाणारे चिवितावेक्किया बंदरही शहरापासून सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. कंपन्यांनी हा तपशील पैसे भरून घेण्यापूर्वीच मराठीत लेखी द्यावा, ही विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे