उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा,

परवा शाळेच्या मैदानावर पोरांनी तुमच्या दुकानात बनवलेली गो-कार्ट, ती छोटी उघडी रेसची गाडी, पळाली तेव्हा तुम्ही गेटपाशीच उभे होता. भाषणं सुरू व्हायच्या आत स्कूटरला किक मारून निघूनही गेलात. आभार मानायला कुणाला सापडलाच नाहीत, म्हणून हे इथं लिहितेय. दुकानातला बारक्या वाचून दाखवेलच.

गेल्या वर्षी याच पोरांनी एका क्लासला पैसे भरले होते. 'स्वतःची गाडी स्वतः बनवा' अशी जाहिरात होती. चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, तयार आली, इंजिन बसवूनच आलं. पोरांनी चार नट आवळले, सर्टिफिकेट धरून फोटो काढले, संपलं. माझ्या लेकीनं विचारलं, मागं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी जोडणी, का नाही? क्लासवाले म्हणाले, 'ते इंजिनिअरिंगला गेल्यावर कळेल.' पुढं एका गॅरेजवाल्यानं घोळक्यात मुली बघितल्या आणि अर्धं शटर ओढल्यासारखं तोंड केलं.

तिच्या त्या प्रश्नाला तुम्हीही सरळ उत्तर दिलं नाहीत म्हणा. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर एकाला सीटवर बसवलंत, मागच्या दोन्ही चाकांखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवलात आणि स्टिअरिंग पुरं वळवायला लावलंत. आतल्या चाकाखालचा कागद अलगद निघाला, बाहेरचा ओढताना फाटला. त्या रात्री जेवताना आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. मागचा एक्सल अखंड, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरणार. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून आतलं जरा उचललं गेलं नाही तर गाडी वळायचं सोडून सरळच रेटते. सस्पेन्शन नाही, तेव्हा ते चाक उचलायला चॅसिसच थोडी पिळली पाहिजे. मजबुतीसाठी आणखी दोन आडवे पाइप मारायचे म्हणून हटून बसलेली पोरं त्यानंतर गप्पच झाली.

पण मामा, माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट वेगळीच आहे. लेकीनं पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर धरला त्या दिवशीची. रॉड चिकटला. ओढून काढला, परत लावला, तर पाइपला भोक पडलं. शेजारच्या पोरानं 'दे इकडं' म्हणून हात पुढं केला. तुम्ही एवढंच म्हणालात, "ऱ्हाऊ दे. तिचं काम हाय." आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिलात. तुमच्या हाताला ते मिनिटाचं काम होतं. हात शिवशिवत असणार, बोटं एकमेकांत घट्ट धरलेली मला मागून दिसत होती. तिनं ते भोक भरलं. टाका ओबडधोबडच आला. तुम्ही हातोडीनं टाक्यावरची स्लॅग, ती जळकी खपली, झाडलीत, वाकून बघितलंत आणि म्हणालात, "धरलंय." शाळेत मिळालेल्या कुठल्याच शाबासकीनं ती इतकी फुलली नव्हती.

आपल्याकडं शिकवणारे पुष्कळ, पण समोरच्याला चुकायला वेळ देणारा माणूस विरळा. आमच्या ऑफिसात नव्या पोरांच्या हातातून फाईल ओढून घेणारे साहेब रोज बघते, तेव्हा तुमचे ते बांधलेले हात आठवतात.

लेकीनं कुठं तरी वाचलं की १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं पहिली कार्ट केली, तीही गवत कापायच्या मशीनचं पडून राहिलेलं इंजिन लावून. "म्हणजे तोबी आपल्या मामांसारखाच की," म्हणाली. भंगारातल्या स्कूटरचं इंजिन तुम्ही कुठून पैदा केलंत, ते अजून सांगितलेलं नाही!

मजुरी घेतली नाहीत, ठीक. पण पोरांनी फोडलेल्या ग्राइंडिंग व्हीलचे आणि संपवलेल्या रॉडच्या पुड्यांचे पैसे आम्ही पालक देणार आहोत, त्याला नाही म्हणू नका. आणि रविवारी मामींना घेऊन जेवायला या. तांबडा-पांढरा करते. लेक म्हणते, ब्रेक डाव्या बाजूला ओढतोय असं तिला वाटतंय. तेवढं तिच्याशी बोलून घ्या.

तुमची,
नववीतल्या एका वेल्डरची आई