गोळ्या देणाऱ्या हाताआधी यादी तपासा

महोदय,

वृद्धाश्रमात चुकीचे औषध दिले गेले की ठपका त्या पाळीच्या परिचारिकेवर बसतो. चूक मात्र अनेकदा आधीच कागदावर झालेली असते. सर्वांत धोक्याचा दिवस म्हणजे आजी-आजोबा रुग्णालयातून परत येतात तो. तिथे औषधाची कंपनी बदललेली असते, इथे कपाटात जुनी पाकिटे असतात. रक्तदाबाचे एकच औषध दोन नावांनी दुप्पट जाते आणि माणूस उठताना भोवळ येऊन पडतो. म्हणून त्याच दिवशी जुनी यादी आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून प्रत्येक औषध मूळ घटकाच्या नावाने लिहावे. कार्डावर नसलेली गोळी मुद्दाम बंद केली की लिहायची राहिली, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. नव्या यादीवर त्यांची सही घ्यावी, जुनी रद्द करावी आणि बंद झालेल्या गोळ्या कपाटातून काढून टाकाव्यात.

डोसच्या आकड्यात 5.0 चे 50 वाचले जाते, .5 चे 5. तेव्हा 5 आणि 0.5 असेच लिहावे. सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. ते रोज दिले गेले तर तोंड येते, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. यादीत नेमका वार लिहून उरलेल्या सहा दिवसांच्या चौकटींवर फुली मारावी. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज एकाच मापाची हवी: 100 युनिटचे (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असलेले) इन्सुलिन 40 च्या सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत भरले तर 25 युनिट जातात. इथे दुसऱ्या व्यक्तीने बाटली, सिरिंज आणि आकडा तपासल्याशिवाय सुई टोचूच नये.

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटण्याची सवय फार घातक आहे. हळूहळू विरघळणारी (एसआर, ईआर) गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. पातळ औषध मिळते का, ते औषधविक्रेत्याला विचारावे.

सर्वांच्या गोळ्या आधीच वाट्यांत काढून ठेवू नयेत. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण कोणत्याही नावाला ‘हो’ म्हणतो, म्हणून नोंदपत्रकावर फोटो हवा. रुग्णाने गोळी गिळली की मगच परिचारिकेने त्यावर सही करावी.

नातेवाइकांना एक विनंती. सर्दीची गोळी परस्पर आजोबांच्या हातात देऊ नका, कार्यालयात नोंदवा. तीत बहुधा पॅरासिटामॉल असते आणि तेच त्यांना तापासाठी आधीच सुरू असू शकते.

– वृद्धसेवेतील काही परिचारिका व औषधनिर्माते