हातचं राखून?

टोरंटो,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. घरच्या कटकटींबद्दल शेवटी लिहितो, आधी तुझा प्रश्न. बुमराला इंग्लंडमध्ये पाचांपैकी तीनच कसोट्या खेळवलं, तसे आमचे बर्फावरचे हॉकीवालेही (म्हणजे एनएचएलवाले) ८२ सामन्यांच्या लीगमध्ये हातचं राखून खेळतात आणि खरा जोर प्लेऑफला, म्हणजे नंतरच्या बाद फेऱ्यांना, लावतात का, असं तू विचारतोस. इथेही हा वाद दरवर्षी होतो. माझं मत विचारशील तर दम कोणी राखत नाही, अंग मात्र राखतात.

दम राखायला या खेळात जागाच नाही रे. खेळाडू बर्फावर उतरला की ४०-४५ सेकंद जीव खाऊन पळतो आणि कठड्यावरून उडी मारून बाकावर परत येतो. खेळ चालूच असतो, त्याच्या जागी दुसरा घुसलेला असतो. याला शिफ्ट म्हणतात. संघाचा हुकमी फॉरवर्ड साठ मिनिटांत जेमतेम वीसेक मिनिटं खेळतो. एवढ्याशा वेळात निम्म्या वेगानं खेळलास तर पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) समोरच्याच्या काठीवर गेलाच म्हणून समज. शिवाय पगार मिळतो तो लीगच्या महिन्यांत. प्लेऑफला पगार नाही, फक्त एका बोनसच्या निधीतला वाटा. पुढचा करारही बराचसा लीगमधल्या गोल आणि असिस्टवर (दुसऱ्याच्या गोलला दिलेल्या पासवर) ठरतो. मग हात आखडता घेईल कोण? आणि ३२ संघांतले १६च पुढे जातात. सेंट लुईस ब्लूज २०१९च्या जानेवारीच्या सुरुवातीला अख्ख्या लीगमध्ये तळाला होते, आणि जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे विजेतेपदाचा करंडक, त्यांच्याच हातात! त्यांनी जानेवारीत राखून खेळायचं ठरवलं असतं तर एप्रिलमध्ये घरी बसले असते.

आता अंग राखण्याचं. जानेवारीतला एखादा मंगळवार, संघ तीन गोलनी मागे. अशा वेळी ताशी दीडशे किलोमीटरनं येणाऱ्या पकपुढे बचावपटू स्वतःला झोकून देईलच असं नाही. एप्रिलमध्ये तोच माणूस डोळे मिटून आडवा पडतो. बोस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन २०१३च्या अंतिम फेरीत मोडकी बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन शेवटचा सामना खेळला, आणि मग फुफ्फुसाला भोक पडलं म्हणून इस्पितळात गेला. वर्षभर कोणी असं खेळू लागला तर दिवाळीपर्यंतही टिकायचा नाही.

पूर्वी गोलीलाही (गोलरक्षकालाही) राखत नसत. मार्टिन ब्रॉडरनं २००६-०७ मध्ये ८२ पैकी ७८ सामने खेळले. आता गेल्या मोसमात आमच्या टोरंटो मेपल लीफ्सच्या स्टोलार्झ आणि वोल या दोघांनी काम जवळजवळ वाटूनच घेतलं. लागोपाठ दोन रात्री सामने असले की दुसऱ्या रात्री दुसरा गोली, हे आता गृहीतच धरतात.

संपूर्ण विश्रांतीचं उदाहरण हवं असेल तर टाम्पा बेचा कुचेरोव्ह घे. नितंबाच्या शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१चा पूर्ण मोसम हुकला, प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला हजर झाला आणि ३२ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) घेऊन सगळ्यांच्या पुढे राहिला. कपही जिंकला. लोक चिडले ते त्याच्या ताजेपणामुळे नव्हे. तो जखमींच्या यादीत असल्यामुळे संघाच्या एकूण पगारावर जी मर्यादा असते तिच्यात संघाला मोकळीक मिळाली, हे त्यांना खटकलं.

याउलट बोस्टन, २०२३. लीगमध्ये ६५ विजय, १३५ गुण, दोन्ही विक्रम. विक्रम खिशात असतानाही मॉन्ट्रियलमधल्या शेवटच्या सामन्यात बर्जरॉनला खेळवलं. त्यात तो दुखावला आणि प्लेऑफचे पहिले चार सामने गेले. बोस्टन ३-१ नं पुढे असूनही फ्लोरिडाकडून पहिल्याच फेरीत हरलं, तेही सातव्या सामन्याच्या ओव्हरटाइममध्ये. म्हणजे राखायला हवं होतं, असं तू म्हणशील. त्या एका सामन्यापुरतं मान्य. पण दमले म्हणून हरले, हे मला पटत नाही. टाम्पानं २०१९ मध्ये ६२ सामने जिंकले आणि कोलंबसनं त्यांना सरळ ४-० नं घरी पाठवलं. प्लेऑफच्या फेरीत सातांपैकी चारच सामने जिंकायचे असतात, तिथे समोरचा गोली आठवडाभर भिंतीसारखा उभा राहिला की संपलं.

आणि खेळही बदलतो. लीगमध्ये बरोबरी झाली तर तीन-तीन जणांची पाच मिनिटं, मग शूटआउट. प्लेऑफमध्ये मात्र गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटं चालूच. २०२० मध्ये टाम्पा-कोलंबस सामना पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत गेला. कोलंबसच्या कोर्पिसालोनं ८५ शॉट अडवले आणि तरी बिचारा हरला.

आमच्या लीफ्सचं काय विचारू नकोस. १९६७ नंतर कप नाही. मॅथ्यूजनं २०२३-२४ मध्ये ६९ गोल ठोकले, प्लेऑफमध्ये दुखण्यामुळे दोन सामने बाहेर, आणि एकूण गोल एक. सातव्या सामन्यात बोस्टननंच हरवलं, नेहमीप्रमाणे. त्यानं ६९ऐवजी ५५ केले असते तर आजारी पडला नसता, असं म्हणणारे इथे भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलंय.

बाकी, वाड्याच्या वाटणीचं म्हणशील तर घाई करू नकोस. दादाला एकदा वकिलाकडे बरोबर घेऊन जा आणि तो काय म्हणतो ते मला कळव. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे? वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधा