पोरं कोपीवर नकोत, गावात राहू द्या
(ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठी आवाहन)

समस्त गावकरी आणि नोकरीधंद्यानिमित्त बाहेर असलेल्या भूमिपुत्रांना सप्रेम नमस्कार.

दसरा झाला. आता ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमांचे ट्रॅक्टर गावात यायला लागतील. गेल्या साली शेवटचा ट्रॅक्टर पारापासून हलला, तेव्हा ट्रॉलीत बांबू, चटया, पत्र्याची पेटी, दोन शेळ्या आणि सगळ्यांच्या वर चौथीतली एक पोर बसलेली, पाठीला दप्तर. गुरुजींनी विचारलं, "दप्तर कशाला गं?" म्हणाली, "तिथं अभ्यास करीन." मार्चअखेर परतली, तेव्हा त्याच दप्तरात धाकट्या भावाची दुपटी होती.

आपला धारूर तालुका बालाघाटाच्या माथ्यावरचा. मुरमाड रान, पावसानं दगा दिला की कापूस जातो, सोयाबीनही जातं. दिवाळीनंतर हाताला काम नाही. मग मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, नवरा-बायकोनं मिळून कोयता धरायचा आणि सांगली-कोल्हापूर, नाहीतर कर्नाटक गाठायचं. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, बरंच झालं. पण टनामागची मजुरी आधी उचलीत वळती होते आणि अंगावर बाकी राहिली की पुढच्या साली पुन्हा तोच मुकादम. आई अंधारात उसाच्या फडात जाते. तान्ह्याला सांभाळायला कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, राहते ती थोरली पोर. जरा मोठी झाली की मोळ्या उचलते. पुढं लग्न लावून नवा कोयता, म्हणजे तोडणीची नवरा-बायकोची जोडी, करायचा, त्यालाही अठरा पुरी व्हायची वाट कुणी बघत नाही. हे आपल्याच घरातलं आहे, लपवून काय उपयोग?

नुकसान एकट्या पोरांचं नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ सालीच केला. पण नालाबांध, शेततळी यांची कामं करायचे दिवस हिवाळ्या-उन्हाळ्याचे, आणि तेव्हा गावात उरतात म्हातारी माणसं. काम निघत नाही म्हणून माणूस थांबत नाही, माणूस नाही म्हणून काम निघत नाही. पाणी अडत नाही ते नाहीच.

सगळं एका साली सुटणार नाही. यंदा पोरं तरी थांबवू. शाळेच्या दोन खोल्यांत मुक्काम, बचत गटातल्या बाया स्वयंपाक करतील. सरकारी अनुदान मिळतं, पण ते हाती पडेपर्यंत टोळ्या कारखान्यावर पोचलेल्या असतात. तेवढे पहिले दोन महिने आपण उचलायचे.

ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गोडेतेल, जे जमेल ते द्या. चादरी-ब्लँकेटं धडकी द्या; मागे कुणी विटक्या साड्यांचं गाठोडं पाठवलं होतं, माया पोचली, थंडी काही भागली नाही. पुण्या-मुंबईकरांनो, तुमच्यातले कित्येक कोपीतच रांगलेत. तुम्हाला वेगळं सांगायला नको. बारावी-पदवी झालेल्या पोरापोरींनी संध्याकाळी दोन तास अभ्यास घ्यावा. रोख रक्कम दिलीत तर पावती मागून घ्या. जमा-खर्च दर महिन्याला चावडीच्या फळ्यावर लागेल.

धान्य रोज सकाळी शाळेत उतरवून घेऊ. ज्यांच्या घरची टोळी जाणार आहे, त्यांनी ट्रॅक्टर भरायच्या आधी पोरांची नावं गुरुजींकडे द्यावीत.

आपले,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शाळा व्यवस्थापन समिती
ता. धारूर, जि. बीड