रोजनाम्यात न आलेलं वाक्य

मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय

स. न. वि. वि.

हे पत्र मी आधी विधी व न्यायमंत्र्यांना लिहायला घेतलं होतं. मग कळलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 नुसार जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. बरंच आहे ते. न्यायाधीशांची कानउघाडणी मंत्र्यांनी करावी, असं मलाही वाटत नाही.

आमचा वाटपाचा दावा आहे. आईचा उलटतपास चालू होता. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि समोरचे वकील नेमके डावीकडे उभे. तिने दोनदा "काय म्हणालात?" विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर डायसवरून, म्हणजे न्यायाधीशांच्या आसनावरून, आवाज आला, "कान घरी ठेवून आलात का?" दोन-तीन वकील हसले. (साहेबांच्या विनोदाला हसावंच लागतं, त्यांना दोष देत नाही.) त्यानंतर ऐकू येवो न येवो, आई प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत गेली. ते सगळे "हो" टाइप झाले. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, एवढंच: वादी क्र. 2 हजर, उलटतपास अपूर्ण.

निकाल चुकला तर अपील आहे. या एका वाक्यावर अपील कुठे करायचं? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 12 प्रमाणे साक्षीदार कसा वागला यावर न्यायाधीश शेरा मारू शकतात. न्यायाधीश कसे वागले, हे लिहायला त्या कागदावर जागाच नाही.

कामाचा ताण असतो, मान्य. बाकावर बसून मी त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, वाचलाय, संपता संपत नव्हता. पण त्याच सकाळी एका ज्येष्ठ वकिलांनी पुन्हा तारीख मागितली, तेव्हा साहेबांचा आवाज अजिबात चढला नाही.

तक्रार करू म्हटलं, तर आमचे वकील म्हणाले, "तुमचा एक दावा आहे, माझ्या सगळ्या फायली त्याच कोर्टात आहेत." दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच कलम 24 खाली दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करून मागता येतो, पण अर्ज फेटाळला की पुन्हा त्याच डायससमोर उभं राहायचं. बाहेर बाकावर सगळ्यांना अवमानाची धास्ती. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 चं कलम 6 म्हणतं, खालच्या न्यायाधीशाबद्दल सद्भावनेने उच्च न्यायालयाला काही कळवलं तर तो अवमान नव्हे. हे मला कुणी सांगितलं नाही, रात्री शोधून वाचलं.

म्हणून मागणं असं, की हे कलम आणि तक्रारीचा पत्ता प्रत्येक कोर्टाबाहेर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. आणि साक्ष चालू असताना ध्वनिमुद्रण व्हावं, पक्षकाराला ते मागता यावं. तेवढ्यानेसुद्धा बऱ्याच जिभा आवरतील.

पुढच्या तारखेसाठी आईला श्रवणयंत्र आणलंय. ती रोज एकच विचारते, "तेच साहेब असतील का रे?"

आपला,
वादी क्र. 1