शॉर्टवेव्हला सॅटेलाइट लागत नाही हो!

संपादक महोदय, सा. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या रेडिओवरचा लेख मस्तच होता, पण एक वाक्य खटकलं. म्हणे श्रीलंकेतल्या कोलंबोचं रेडिओ सिलोन इंदूरला सॅटेलाइटवरून यायचं. अहो, त्यावरचा गाण्यांचा कार्यक्रम बिनाका गीतमाला सुरू झाला 1952 ला, जगातला पहिला सॅटेलाइट स्पुटनिक उडाला 1957 ला, मग मधली पाच वर्षं गाणी काय कबुतरं आणत होती?

आमच्या रामबागच्या घरी गॅलरीपासून समोरच्या निंबापर्यंत तांब्याची तार बांधलेली होती आणि बुधवारी बिनाकासाठी अप्पा पावणेआठलाच रेडिओचा काटा जागेवर आणून ठेवायचे, मग कोणी हात लावायचा नाही. कोलंबो इथून सरळ रेषेत साधारण 1800 किलोमीटर, तरी आवाज खणखणीत. ही सगळी आयनोस्फिअरची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांची करामत. वर 60 किलोमीटरपासून पुढे कित्येकशे किलोमीटरपर्यंत उन्हाच्या मार्‍याने हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, शॉर्टवेव्हची, म्हणजे कमी लांबीची रेडिओ लहर तिथे पोचली की हळूहळू वाकते आणि परत जमिनीवर येते. फार उभी गेली तर आरपार निघून जाते, म्हणून दूरचं कोलंबो लागायचं आणि त्याच बँडवरचं जवळचं स्टेशन गायब! दिवसा सगळ्यात खालचा 'डी' थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी पिऊन टाकतो, अंधार पडला की तो थर विरतो, म्हणून रात्री 41 मीटरच्या शॉर्टवेव्ह बँडवर स्टेशनांची गर्दी. आणि आवाज मधेच बुडायचा ना, आई म्हणायची वारा सुटलाय, पण वार्‍याचा काही संबंध नाही, एकच लहर दोन वाटांनी येते आणि कधी एकमेकींना साथ देते तर कधी मारते.

यात आपल्या भागाचाही थोडा मान आहे बरं का. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं विषुववृत्त जातं खाली केरळातल्या थुंब्याजवळून, तिथले इलेक्ट्रॉन दिवसा वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना घसरतात, त्यातला उत्तरेकडचा ढीग साधारण भोपाळ-अहमदाबादच्या पट्ट्यावर, म्हणजे आपल्याच डोक्यावर.

परवा अप्पांचा सेट काढून लावला तर नुसती घरघर. एलईडी बल्ब आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केले तेव्हा कुठे कोणीतरी बोलताना ऐकू आलं, भाषा काही कळली नाही.

दुरुस्ती लहानशा चौकटीत छापली तरी चालेल.

आपला,
एक जुना श्रोता, रामबाग, इंदूर