तपासणीच्या दिवशी

मांद्रे, पेडणे
श्रावण वद्य षष्ठी

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हा विषय काढला की तू घाईत असतेस आणि माझा गळा भरून येतो. म्हणून लिहायला बसले. पपा झोपलेत. दुपारपासून पाऊस थांबलेला नाही, हळदीची पानं अंगणात आडवी झालीत.

मंगळवारी तू बोलता बोलता सांगून गेलीस की तिकडे थायलंडात, तू इंग्रजी शिकवतेस त्या सेंटरमध्ये कुणी तपासायला येणार होतं, म्हणून तुला आणि त्या फिलिपिन्सच्या मुलीला मागच्या दारानं बाहेर पाठवलं, तुम्ही दोघी तासभर कॉफीच्या दुकानात बसलात. तू हसत सांगितलंस. बाय, मला त्या रात्री झोप लागली नाही. मी एकतीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी शाळेत असायची. फळा ओल्या फडक्यानं पुसायचा, कोपऱ्यात पटसंख्या लिहायची, टाचणवही आणि हजेरीपट टेबलावर ठेवायचा. छातीत धडधडायचं, पण वर्गात उभी असायची. तपासणीच्या दिवशी ज्या शिक्षिकेला मागच्या दारानं बाहेर काढतात, तिला ती शाळा आपली मानतच नाही.

मी दादाला विचारलं. त्यानं आधी टाळलं, मग सगळं सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस. तुझ्याकडे कामाचा परवाना नाही. पर्यटक म्हणून उतरलीस, व्हिसाशिवायचे 60 दिवस, मग तिथल्या कार्यालयातून 30 दिवस वाढवून घेतलेस, आणि ते संपले तेव्हा उदोन थानीहून बस पकडून नोंग खायच्या पुलावरून लाओसमध्ये गेलीस आणि दोन दिवसांनी नवा शिक्का घेऊन परत आलीस. मेकाँग नदीचा फोटो पाठवला होतास, 'फिरायला आलेय' म्हणून. तो मी काकीला कौतुकानं दाखवला होता.

तू म्हणशील, आईला यातलं काय कळतं. पण कळतं. मागच्या दोन खोल्या आपण बारा वर्षं फॉरेनरांना भाड्यानं देतो. माणूस आला की 24 तासांच्या आत सी-फॉर्म भरायचा, पासपोर्टाचा नंबर, व्हिसाचा प्रकार, कुठून आला, कशासाठी आला. तो फॉर्म आधी तूच मला शिकवलास, मी कॉम्प्युटरला घाबरायची तेव्हा. दादानं आता मला सांगितलं की तुमच्याकडेही घरमालकाला 24 तासांत तसंच कळवावं लागतं, टीएम 30 म्हणतात त्याला. म्हणजे मी इथं ज्या रकान्यात दुसऱ्यांच्या मुलींची नावं भरते, तशाच रकान्यात कुणीतरी बाई तुझं नाव भरते. ती जे भरते आणि तू रोज सकाळी उठून जे करतेस, ते जुळत नाही.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही. तू बीएच्या शेवटच्या वर्षाला पणजीला राहत होतीस तेव्हाची. कोपऱ्यातल्या खोलीत एक रशियन मुलगी राहायला आली होती. टुरिस्ट व्हिसा. फॉर्ममध्ये मी 'पर्यटन' लिहिलं. पंधरा दिवसांत मला दिसलं की ती रोज संध्याकाळी वह्या घेऊन बाहेर पडते. इथल्याच एका क्लासवाल्यानं तिला ठेवलं होतं, टॅक्सीवाली आणि दुकानांतली पोरं तिच्याकडे रशियन शिकायची, कारण मोरजीला सगळं गिऱ्हाईक त्या भाषेतलं. चांगली शिकवायची. आपल्या वाड्यावरचा टॅक्सीवाला अजून तिनं शिकवलेले आकडे म्हणून दाखवतो. मला माहीत होतं की त्या व्हिसावर पैसे घेऊन शिकवता येत नाही, आणि मी गप्प बसले. भाडं वेळेवर येत होतं. मुलगी गोड होती.

तिसऱ्या महिन्यात ती पडवीत येऊन बसली, उठेचना. क्लासवाल्यानं दोन महिन्यांचे पैसे दिले नव्हते. मागायला गेली तर तो शांतपणे म्हणाला, जा पोलिसांत, आणि जाताना तुझा व्हिसा घेऊन जा. त्याला ओरडायची गरजच पडली नाही. मी तिला चहा दिला, भाकरी दिली. दुसरं काय देऊ शकत होते? आठवड्याभरात कुणीतरी तक्रार केली, चौकशी झाली, तिला देश सोडायला सांगितलं. जाताना तिनं मला मिठी मारली. तिची आई कुठं असेल, तिला हे कुणी सांगितलं असेल का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. क्लासवाल्याचा बोर्ड पुढच्या सीझनला पुन्हा लागला.

मला दंडाची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती त्या वाक्याची आहे. 'जा, आणि तुझा व्हिसा घेऊन जा.' तुझ्या सेंटरवाल्यांनी पहिल्या महिन्याचा पगार 'डिपॉझिट' म्हणून ठेवून घेतलाय, असं दादा म्हणाला. ठरले होते 25,000 बाट, हातात येतात 18,000, तेही रोख, पाकिटात. मयुरी, तू म्हापशाच्या बाजारात भाजीवालीशी दोन रुपयांसाठी भांडणारी मुलगी. तू सात हजारांबद्दल तोंड का उघडलं नाहीस? तुला मनातून माहीत आहे म्हणून. परवाना नसला की पहिली जाते ती ही मागायची हिंमत.

आणि पालकांना तू इंडियाची आहेस हे सांगू नको म्हणाले ना ते? हे तू मला फार आधी सांगितलं होतंस, मी तेव्हा विषय सोडला. आज सोडत नाही. गोव्याची मुलगी आपलं गाव लपवून पोरांना 'व्हेअर आर यू फ्रॉम' शिकवते, हे मला सोसत नाही.

तू म्हणतेस सगळेच असं करतात, कुणी पाच-पाच वर्षं राहिलेत. असतील. पण तिथला कायदा मी दादाकडून समजून घेतला. परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर 5,000 ते 50,000 बाट दंड, म्हणजे आपल्या पैशात लाखाच्या वर जाऊ शकतो, आणि देशाबाहेर रवानगी. वर दोन वर्षं कामाच्या परवान्यासाठी अर्जही करता येत नाही. सेंटरलाही दंड आहे, माणशी 10,000 ते 1 लाख बाट. पण ते दंड भरून सोमवारी दुसरी मुलगी उभी करतील. आणि रवानगीचा शिक्का एकदा पासपोर्टात बसला की पुढे ज्या देशात अर्ज करशील तिथं त्याचं उत्तर द्यावं लागेल. सव्विसाव्या वर्षी.

एजंटाबद्दल मला बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. 1 लाख 20 हजार आपण त्याला दिले. पपांनी सोसायटीतून कर्ज काढलं, मीच त्यांच्या मागे लागले होते. म्हणून ही चूक तुझ्या एकटीची नाही. आता कळतं की परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर ती कुणालाही बघता येते, आणि नोंदणी असलेल्याला 30,000 रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आम्ही बघितलंच नाही. माणूस गोड बोलला, ऑफिसात एसी होता. तुझे काका वीस वर्षं बोटीवर होते, ते तारवटी माणूस, पण सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, हातात आल्याशिवाय त्यांनी घरातून बॅग हलवली नव्हती. त्यांना एक शब्द विचारला असता तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी, 2025 च्या मार्चमध्ये, थायलंडच्या माए सोतहून आपल्या हवाई दलाच्या विमानांनी 500 हून जास्त भारतीयांना परत आणलं, ते तुलाही आठवत असेल. नोकरीच्या नावानं बोलावून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेलेली पोरं. तुझं तसं नाही, तू शाळेसारख्या जागी आहेस, मला माहीत आहे. पण त्या पोरांच्या आयांनीही 'माझं तसं नाही' असंच ऐकलं असेल.

आता आजोबांचं. मला माहीत आहे तू ते काढशील, दादाजवळ काढलंसच. 'आजोबापण परवाना नसतानाच शिकवायला आले होते ना?' हो, आले होते. आरोंद्याहून तेरेखोल ओलांडून, पोर्तुगिजांच्या काळात, देवळाच्या मंडपात मराठी शिकवायला. पगार नव्हताच, घरटी तांदूळ आणि नारळ. गावानं त्यांना बोलावून आणलं होतं. शिपाई आला की मुलं पाट्या ठेवून आरती म्हणायला लागायची. तू ही गोष्ट लहानपणी माझ्या मांडीवर ऐकलीस आणि तुला त्यातली आरतीच आठवते.

तिचा पुढचा भाग मी तुम्हा मुलांना कधी सांगितला नाही. 15 ऑगस्ट 1955 ला सीमेवर पत्रादेवीला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर सीमा बंद झाली. पलीकडे जायला परवाना हवा, आणि आजोबांचं नाव कुठल्याच दप्तरात धड नाही. तिकडे गेले तर परत येता येणार नाही, इथं राहिले तर पलीकडची आई दिसणार नाही. पुढच्या पावसाळ्यात निरोप आला की आई गेली. आजोबा किरणपाणीच्या काठावर उभे राहिले. पलीकडे माणसं जमलेली दिसत होती. नदी किती रुंद आहे तू पाहिली आहेस, आता पुलावरून दोन मिनिटंही लागत नाहीत. त्यांनी तिथंच पाण्यात उभं राहून आंघोळ केली आणि घरी आले. हे मला माझ्या आईनं सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. म्हातारपणी पूल व्हायच्या गोष्टी निघाल्या की उठून आत जायचे.

तू चवथीला येत नाहीस. 'रजा नाही' म्हणालीस. दादा म्हणतो रजेचा प्रश्नच नाही, तू एकदा विमानानं बाहेर पडलीस तर परत आत घेतील की नाही याची तुला खात्री नाही, गेल्या वेळी पुलावरच्या अधिकाऱ्यानं बराच वेळ पानं उलटून पाहिली म्हणून. हे कळलं तेव्हा मला आजोबा आठवले. रागानं लिहीत नाही. तू तिथं एकटी हा हिशोब करत बसली असशील, दिवस मोजत, आणि आम्हाला फोनवर मेकाँग दाखवत, हे डोळ्यांसमोर येतं.

काय करायचं ते सांगते, मग तू ठरव. सेंटरला तोंडी विचारू नकोस, लिहून विचार: नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीच्या, व्हिसासाठीची कागदपत्रं ते कधी देणार आणि कामाचा परवाना कोणत्या तारखेपर्यंत काढणार. हे मालकाकडून कागद आल्याशिवाय होत नाही, तू कितीही धावलीस तरी नाही. 'काम चालू आहे' हे उत्तर तुला चार महिने मिळतंय. यावेळी तारीख माग. आणि मिळेपर्यंत वर्ग घेऊ नकोस. एक दिवससुद्धा नाही. पैसे लागले तर आम्ही पाठवतो, कर्जाचं आमचं आम्ही बघू.

तारीख मिळाली नाही तर दिलेली मुदत संपायच्या आत निघ. मुदतीपुढे राहिलीस तर रोजचे 500 बाट, 20,000 पर्यंत, आणि त्यात सापडलीस तर आणखी वर्षं बंदी. बँकॉकच्या आपल्या वकिलातीचा नंबर दादानं तुला पाठवलाय, तो फोनमध्ये नुसता ठेवू नकोस, कागदावर लिहून पाकिटात ठेव. डिपॉझिटचे पैसे राहिले तर राहू देत.

शिकवायचं सोड असं मी म्हणत नाही. तुझं शिकवणं मी त्या व्हिडिओत पाहिलं. त्या लहान मुलीला 'थ' जमत नव्हता, तू तिच्यासमोर खाली बसलीस, जिभेचं टोक दाखवलंस आणि थांबलीस. घाई केली नाहीस. ते थांबणं मला यायला दहा वर्षं लागली. म्हणूनच तुला खऱ्या हजेरीपटावर, खऱ्या नावानं, पुढच्या दारानं आत जाताना बघायचं आहे. ज्या शाळा परदेशी शिक्षकांना रीतसर घेतात, त्यांच्यासाठी पदवीचे साक्षांकित कागद लागतील, पोलीस क्लिअरन्स लागेल. ते इथून काढता येईल. पासपोर्ट सेवेत अर्ज टाकायचा, पपा तुला स्कूटरवरून पणजीला नेतील. वर्ष जाईल कदाचित. गेलं तर गेलं. या वर्षात मागच्या खोलीत बसून वाड्यावरच्या पोरांना शिकव. टॅक्सीवाले तर रांग लावतील, त्यांना आता इंग्रजीही हवं आहे.

गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी आंबाडे आणि सुपारीची शिपटी सांगून ठेवली आहेत. नारळाची पेंड पपा स्वतःच उतरवून घेतात, ऐकत नाहीत. नेवऱ्या मी यंदा उशिरा तळणार आहे, आदल्या रात्री. तू कधी पोचतेस त्यावर.

उत्तर लिहून पाठव, फोनवर नको.

तुझी,
आई